साक्रीची गाडी येईपर्यंत

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. खरं तर तो रागही नाही, मत्सर आहे, आणि तोही तिच्याबद्दलचा. झळ तुमच्यापर्यंत पोचली एवढंच. पहिल्या वर्षाचा लेखनाचा तास सकाळी पहिलाच असायचा. सगळे येऊन बसलेले, तुम्ही खडू घेऊन फळ्यापाशी उभे, आणि दाराकडे बघत विचारताय, "साक्रीची गाडी आली का?" ती त्याच गाडीने यायची, आणि ती आल्याशिवाय तुम्ही निबंध वाचायला घेत नव्हता. मग ती धापा टाकत यायची, माझ्या शेजारी बसायची आणि ओढणीने कपाळ पुसायची. मी धुळ्यातच मावशीकडे राहायचे, कधी उशिरा आले नाही. एकदा तापाने आठवडाभर अंथरुणात होते. बरी झाल्यावर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सरांनी माझी चौकशी केली का गं?" ती खोटं बोलायची नाही. म्हणाली, "नाही."

मी सावद्याची. शाळेतली निबंधाची सगळी बक्षिसं माझी. तुम्ही 'माझं गाव' लिहायला सांगितलंत, तेव्हा मी केळीच्या बागांना हिरवा शालू नेसवला. तुम्ही तो कागद हातात घेऊन म्हणालात, "केळीच्या चिकाचे डाग तुझ्या कपड्यांवर कधी पडले नाहीत का?"

"पडलेत की, सर."

"निघतात?"

"नाही निघत."

"मग इथे कुठे गेले?"

वर्ग हसला. लगेच तुम्ही तिचा कागद उचललात. तिच्या गावाच्या फाट्यावर गाडी मिनिटभरसुद्धा थांबत नाही. तिच्या आईने जागा धरायला पिशवी खिडकीतून आत टाकली, आणि गाडी पिशवी घेऊनच निघून गेली. मागे धावणारी आई अहिराणीत ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढतेय, आणि लेक लाजून फाट्यावरच्या झाडाआड उभी आहे. वाचता वाचता तुम्हाला हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसलेत. माझ्या कुठल्याही ओळीने तुमचा चष्मा उतरला नव्हता, सर. आणि वाईट हे, की हसू मलाही आलं होतं.

पुढच्या निबंधात मी मावशीला अहिराणी बोलायला लावली. मावशी आमच्या सावद्याकडचंच बोलायची, पण मला तुमचा चष्मा उतरवायचा होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "हा तुझ्या शेजारणीचा आवाज झाला. तुझा कुठे ठेवलास?" त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही, आणि संध्याकाळी चिडून जे मनात आलं ते लिहिलं. साक्रीची गाडी बंद पडली की मला किती बरं वाटतं. तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा मी तिच्याआधी पाहिला आणि सांगितलं नाही. ती हसली की मी तिचे दात बघते, कुठे वाकडा आहे का म्हणून. 'कुणाला न सांगितलेलं' असा विषय तुम्हीच दिला होता.

तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. शिपायाने चहा आणला, तुम्ही अर्धा बशीत ओतून बशी माझ्याकडे सरकवलीत आणि माझा कागद पुन्हा एकदा वाचलात. "आज तू लिहिलंस," म्हणालात. "यातली स्वतःची दया आलेली वाक्यं तेवढी काढून टाक." मी तिथेच बसून खोडली. मग हिंमत करून विचारलं, "वर्गात वाचाल ना, सर?"

"नाही."

"का?"

"ती तुझ्या शेजारी बसते."

लिहिणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. पण माझं पहिलं खरं लिखाण तिच्यासाठी गप्प बसवलंत, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. शोकसभेत ती उठून बोलली. घरचे तिचं शिक्षण बंद करत होते, तेव्हा तुम्ही गाडीने तिच्या गावी गेलात, ओट्यावर बसून तिच्या वडिलांशी बोललात, जेवून परत आलात. मला हे काहीच माहीत नव्हतं. माझं शिक्षण कुणी बंद करत नव्हतं, माझे वडील स्वतः मला धुळ्याला सोडून गेले होते. तरी मी तिथे बसून विचार करत होते की सर सावद्याला कधी आले नाहीत. सभा संपल्यावर तिने माझा हात धरला. रडत होती, आणि रडताना अहिराणीवर आली होती. "सर मले कायम म्हनेत, तिन्हासारखं खोडाले शिक. मले तुना इतला राग ये!" चारी बाजूंनी लोक डोळे पुसत होते आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आता मी जळगावला पहिल्या वर्षाला तोच तास घेते. थोडंफार लिहिते, छापून येतं. ती शिरपूरला असते आणि तिचं नाव मोठं झालंय. गेल्या महिन्यात तिचं नवं पुस्तक आलं. पहिल्याच पानावर ते तुम्हाला अर्पण केलंय. माझं पुस्तक अजून व्हायचंय, आणि त्याचं अर्पण मी कधीच ठरवून ठेवलं होतं. आता केलं तर लोक म्हणतील, तिचं बघून केलं.

हे कुठे पाठवायचं, तुमचा तर पत्ताच नाही. काल तिचा फोन आला होता, "पुस्तक वाची व्हयनं का वं?" मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत, वेळच मिळाला नाही. सर, मी ते दोनदा वाचलंय. फार चांगलं आहे.