दोन गोळ्यांचा होकार

४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, तू डॉक्टर नाहीस, जादूगार आहेस! तू लिहून दिलेली रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून बाबा ओळखू येत नाहीत. शेजाऱ्यांनी आमच्या फाटकासमोर गाडी लावली, तर म्हणाले, राहू दे, दमली असेल. आत्या गाऊ लागली तरी उठून गेले नाहीत. काल मी हिय्या करून माझ्या पोहण्याच्या मास्तरांचा विषय काढला. दिवसभर पाण्यात डुंबणारा जावई नको, म्हणून वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं ना? तर भिंतीला टेकून, डोळे मिटून चक्क हो म्हणाले!

सोनेरी खोक्यातली जुनी गोळीही ते नेमाने घेतात हो. आता लग्न लवकर उरकावं म्हणते.

तुझ्या आशीर्वादाची आणि भरघोस आहेराची वाट पाहणारी,
खारूताई

५ जून

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुमचा फोन लागेना, म्हणून हे पत्र कंपाउंडरच्या हाती धाडतोय. अगं वेडाबाई, जुनी आणि नवी गोळी म्हणजे एकच औषध! नव्या नियमाने आम्हाला कंपनीने ठेवलेलं नाव सोडून औषधाचं मूळ नाव लिहावं लागतं. नाव बदललं, खोकं बदललं, आतला माल तोच. भावोजी दुप्पट डोस घेताहेत. ते शांत झालेले नाहीत, त्यांना भोवळ येतेय!

जुनी गोळी आत्ताच बंद कर आणि त्यांना खरं काय ते सांग. कंपाउंडर दाब मोजेल. होकार फिरेल हे मला कळतंय आणि वाईटही वाटतंय. पण आधी बाप, मग नवरा.

चिडलेला, तरी तुझाच,
मामा

१५ जून

शालकमहाराजांस,
स. न. वि. वि.

पोरीनं रडत रडत सगळं सांगितलं. लग्न हातचं जाईल हे ठाऊक असूनही सांगितलं. जुनी गोळी बंद केली. औषध तेच आहे, एवढं खोक्यावर ठळक छापायला त्या नियमवाल्यांना काय धाड भरली होती?

आता डोकं ठिकाणावर आहे. भोवळीत दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द केल्या. शेजाऱ्याची गाडी हलली, माझ्या बहिणीचं गाणं थांबलं. मग त्या पोहणाऱ्याला बोलावून मनसोक्त तोंडसुख घेतलं. पठ्ठ्या जागचा हलला नाही. म्हणाला, ओरडून झालं असेल तर पाणी घ्या, मी उद्या पुन्हा मागणी घालायला येतो. असा संताप आला म्हणून सांगू! त्याच संतापात त्याला हो म्हटलं.

आधीचा होकार गोळ्यांचा होता. हा माझा आहे.

लोभ आहे तेवढाच असू द्यावा, डोस वाढवू नये.
तुमचे,
भावोजी