यजमानांना खरे सांगण्यास ना हरकत दाखला

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
हृदयरोग विभाग, सार्वजनिक रुग्णालय.

विषय : यजमानांशी त्यांच्या कवितेसंबंधी खरे बोलण्यास ना हरकत दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : आपले डिस्चार्ज कार्ड, सूचना क्र. ७ : 'रुग्णाच्या मनास ताण देऊ नये.'

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ग्रंथपाल असून तिचे यजमान भूमापक आहेत. दिवसभर जमीन मोजून आल्यावर ते सायंकाळी मात्रा मोजतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब चढला आणि चार गोळ्यांनाही दाद देईना. अर्जदाराचे पदव्युत्तर शिक्षण आधुनिक कवितेत झाले आहे, ही बाब केवळ वेदनेची नोंद व्हावी म्हणून नमूद केली आहे.

२. कवितावाचनाच्या वेळी नणंदबाई दाब मोजण्याचे यंत्र मांडीवर घेऊन बसतात. एकदा 'जीवन म्हणजे नकाशा, तू त्यातली आशा' या ओळींवर अर्जदाराकडून क्षणभर मौन घडले. तोच, "वहिनी, एकशे अठ्ठ्याऐंशी. आधी वा म्हण, मग काय तो विचार कर," असे बजावण्यात आले. अर्जदाराने वा म्हटले. आकडा एकशे सत्तरवर आला. तेव्हापासून वा हे पाचवे औषध म्हणून घरात नियमित चालू आहे.

३. सहा महिन्यांपूर्वी आपल्या विभागाने यजमानांच्या जांघेतून बारीक नळी मूत्रपिंडांच्या धमन्यांपर्यंत नेली व त्या धमन्यांभोवतीचे चेतातंतू उष्णता देऊन निकामी केले. हे तंतू मूत्रपिंड आणि मेंदू यांच्यामध्ये विनाकारण तातडीचे खलिते धाडत राहतात, असे आपल्या डॉक्टरबाईंनी समजावले. अर्जदारास नणंदबाईंची आठवण झाली. दाब हळूहळू उतरत आता एकशे अठ्ठावीसवर स्थिरावला असून दोन गोळ्या बंद झाल्या आहेत. पाचवे औषध मात्र बंद होत नाही. कारण सूचना क्र. ७ ला आपण मुदत घातलेली नाही आणि नणंदबाई कागदाबाहेर पाऊल टाकत नाहीत.

४. दरम्यान यजमानांनी दोनशे बारा कवितांचा संग्रह छापण्याचे योजिले असून प्रस्तावना अर्जदाराने लिहावयाची आहे. इथवरची तक्रार आपणांस हसू आणणारी वाटल्यास अर्जदाराची हरकत नाही. पुढील बाब तशी नाही.

५. उपचारानंतर त्या दुपारी यजमानांना पाय सरळ ठेवून काही तास उताणे पडून राहणे भाग होते. वही जवळ नव्हती. छताकडे पाहत, बोटांवर काहीही न मोजता, ते हळूच म्हणाले : 'आतला पहारेकरी निजला, इतकी वर्षे दार ठोठावत होतो तो मीच.' अर्जदाराच्या तोंडून वा निघून गेला. तो तिने म्हटला नव्हता. निघून गेला होता. यजमानांनी तिचा हात थोपटला. "ते औषध आज नको गं," ते म्हणाले. "आज मोठं औषध झालंय."

६. म्हणजे वा हे औषध आहे, हे अकरा वर्षे त्यांना ठाऊक होते. घरी आल्यावर त्यांनी ती ओळ वहीत उतरवली आणि दुसऱ्या दिवशी खोडली. बाकीच्या कविता त्यांनी मोजून घेतल्या आहेत, त्यांना कुणाच्या वा ची गरज नाही. या ओळीला माप नव्हते. तिला अर्जदाराच्या शब्दाचा काय तो आधार होता, आणि तो शब्द अर्जदाराने आधीच दोनशे बारा वेळा वापरून झिजवला होता.

७. तरी विनंती की, रुग्णाचा दाब खरे ऐकण्यास समर्थ असल्याचा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी द्यावा व त्याची एक प्रत नणंदबाईंच्या नावे काढावी. दोनशे बारा कवितांना एकदा नाही म्हटल्यावाचून, त्या एका ओळीला म्हटलेले हो त्यांना ऐकू येणार नाही.

आपल्या दाखल्याची वाट पाहत तोवर वा म्हणत असलेली,
नम्र अर्जदार
(सहा महिन्यांपूर्वी खाट क्र. ११ वर असलेल्या रुग्णाची पत्नी)

दिनांक : ९ ऑक्टोबर

सोबत :
१. सहा महिन्यांची दाबाची वही, नणंदबाईंच्या अक्षरात.
२. सदर ओळ, यजमानांच्या अक्षरात. खोडलेली आहे, तरी वाचता येते.