धनाईमायला बोललेला सामना

सिल्वासा, सोमवार

तीर्थरूप सदाशिवदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीने, लीलाने, इथूनच तुमच्या आणि वहिनींच्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजावं.

ट्रॅव्हल्सने पाठवलेलं पोतं पोचलं. भरताची वांगी दहा, पैकी दोन दबलेली (त्याच दिवशी भरीत केलं, वाया घालवलं नाही), कळण्याचं पीठ, बिबड्या आणि वहिनींनी वरून टाकलेली लसणाची चटणी. क्लीनरने नव्वद मागितले, मी साठ दिले. तो गुजरातीत काहीतरी पुटपुटला, ते इथे लिहीत नाही. वहिनींची कंबर कशी आहे? तेलाने उतार नसेल तर वाळूचा शेक द्यावा. आमच्याकडे देवाच्या दयेने सगळं ठीक आहे, म्हणजे ठीक नाही, म्हणून तर लिहायला बसले. फोन करायचा तर हे स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाहीत, आणि भिंतीपलीकडे केसरबाई राहतात.

इथून जवळच गलोंड्याला यांची दोरा कंपनी आहे, तिचा बेसबॉलचा संघ आहे हे तुम्हाला आजवर सांगितलं नाही, कारण मलाच लाज वाटायची. धाकटे शेठ अमेरिकेत शिकून आले, ते हा खेळ घेऊनच. आपल्या खानदेशातली पोरं शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली असतात म्हणून तिकडचीच माणसं वेचून भरली, त्यात हे. नऊ जणांत हे फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून चेंडू झेलतात, त्याला कॅचर म्हणतात. तोंडाला जाळी, छातीला गादी. (घरी पडलेली मेथीची जुडी उचलायची तर गुडघे दुखतात. तिथे दोन-दोन तास उकिडवे.) चेंडू टाकतो केसरबाईंचा मुलगा समाधान. टाकतो जोरात, पण कुठे जाणार ते त्यालाही आधी ठाऊक नसतं. बघायला येणारी किलवणीची माणसं अजून विचारतात, स्टंप कुठे पुरलेत.

तर या मोसमात आमचा संघ वापीला हरला, दमणला हरला, आणि घरच्या मैदानावर पाहुण्यांना चहा पाजून हरला. मी धावांचे आकडे घरखर्चाच्या वहीत मांडत होते, जमा दोन, नावे एकोणीस, पण पुढे बघवेना म्हणून सोडलं. रविवारी हे घरी येत, न बोलता आंघोळ करीत, न बोलता जेवत. एकदा आमटीत मीठ टाकायचं राहिलं तरी तशीच जेवून उठले, शब्द नाही. लग्नापासून यांनी मिठाचं कधी सोडलेलं मला आठवत नाही. मी घाबरले. केसरबाईंना म्हटलं, देवीला बोलू या.

दोघींनी मिळून आपल्या गावच्या धनाईमायला नवस बोललो, एक सामना जिंकू दे, येऊन पाच नारळांचं तोरण चढवू. मी आधी एकच नारळ म्हणाले होते. केसरबाई म्हणाल्या, ''काय वं माय, देवीसंगे बी भाव करस?'' मी म्हटलं, भाव नाही करत, बाजारात नारळ काय भावाने चाललेत ते बघून बोलते. शेवटी पाच ठरले, निम्मे निम्मे. (अडीच नारळ कसे द्यायचे ते पुढचं पुढे.) एक नारळ लाल फडक्यात बांधून माझ्या देव्हाऱ्यात ठेवला, गाठ दोघींच्या हातची.

आणि आठवड्याने फाटकावर नोटीस लागली. कंपनी तमिळनाडूत होसूरला चालली, इथल्या माणसांचा हिशोब चुकता करणार. फक्त संघाचं वेगळं. धाकटे शेठ म्हणाले, यंदा एक जरी सामना जिंकलात तर वडिलांपुढे मान वर करून सांगेन आणि संघ नोकरीसकट होसूरला नेईन, नाहीतर संघ इथेच मोडला. हे मला कळलं कधी, तर तोरण बोलून झाल्यावर.

म्हणजे जिंकले तर होसूर. हरले तर इथल्याच रांधा गावच्या एका कारखान्यात स्टोअरची जागा यांच्यासाठी बोलून ठेवली आहे. पगार कमी, पण तेजस्विनीची बारावी मध्येच मोडणार नाही. आणि होसूरच्या भाजीवालीशी मी कोणत्या भाषेत घासाघीस करू? रोज सकाळी दिवा लावते आणि देवीपुढे उभी राहते, मागायचं काय तेच सुचत नाही. मध्ये कोपऱ्यावरच्या गणपतीला हळूच सांगून पाहिलं की हरू दे. मग जीवाला आणखीच घोर लागला. एकाच घरातून दोन अर्ज गेले, देव काय म्हणतील.

केसरबाईंना सांगायची सोय नाही. समाधानची सोयरीक नंदुरबारला जमली आहे आणि मुलीच्या बापाने बजावलंय, नोकरी राहिली तरच हळद. त्या रोज येऊन गाठ चाचपून जातात. परवा म्हणाल्या, ''गाठ ढिली कशी पडनी वं?'' मी म्हटलं, उंदीर असेल. (उंदीर नव्हता. मी होते.)

शेवटचा सामना येत्या रविवारी, वलसाडच्या कॉलेजच्या पोरांशी. त्यांची परीक्षा आली आहे, चांगले खेळणारे येणार नाहीत म्हणतात. म्हणजे मायने मनावर घेतलेलं दिसतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची
लीला

ता. क. पत्राचं खरं कारण हेच. नवस फिरवायचा तर देवीच्या दारातच फिरवावा लागतो. तुम्ही भगताकडे जाऊन सांगा, लीलाला पुरतं माहीत नव्हतं, बोललेलं परत घेते. नारळ मी तरीही चढवीन, देवीला तोटा नको. केसरबाईंचं नाव काढू नका.

पुन्हा ता. क. भगताकडे जाऊ नका. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे अंगणातून आले. तेजस्विनीला चेंडू टाकायला लावून अंधार पडेपर्यंत झेलत बसले होते, गुडघे मातीने भरलेले. म्हणाले, ''रविवारी येशील का? एवढे सामने झाले, एकदाही आली नाहीस.'' मी म्हटलं, हरताना काय बघायचं. तर जाळी हातात फिरवत म्हणाले, ''होसूरचं मला काही कळत नाही. एकदा जिंकून बघायचंय, बस.'' दादा, हे मी कसं परत घेऊ? वरचं वाचून आधीच गेला असाल तर पुन्हा जा आणि पहिलंच बोलणं खरं धरायला सांगा. फक्त भगताला एवढं विचारा की सामना द्यायचा आणि होसूर ठेवून घ्यायचं, अशी काही सोय मायकडे आहे का. मी रविवारी मैदानावर जाते आहे. तिथे बसून नेमकं काय मागायचं ते मला माहीत असावं, म्हणून उत्तर शनिवारपर्यंत हाती पडेल असं उलट टपाली पाठवा.