ओठ हलू नयेत म्हणून

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पत्र पोचायचा प्रश्नच नाही, आणि पोचायचं नाही म्हणूनच लिहायचा धीर झाला. सकाळपासून माझे हात गार पडलेत. बाहेर लख्ख ऊन आहे. इथे हूफडॉर्पला, या डच गावात, एप्रिलात असं ऊन पडलं की शेजारीपाजारी दाराशी खुर्च्या टाकून डोळे मिटून बसतात, तेव्हा थंडीवर ढकलायचीही सोय नाही. दुपारी माझ्या नातीची मोसमातली पहिली मॅच आहे. सॉफ्टबॉलची. ती पिचर आहे, क्लबच्या पहिल्या संघात, आणि अजून शाळेत जाते. सर, मी घाबरलोय. तुम्ही वर्गात बोट दाखवून ‘तू म्हण’ म्हणायचात आणि पहिलाच शब्द पळून जायचा, तसा घाबरलोय.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या अमरावतीच्या शाळेत सॉफ्टबॉल एका लाकडी पेटीतून आला. पेटी आली आणि लगेच पी.टी.च्या सरांची बदली झाली, मग हेडसरांनी ती तुमच्या गळ्यात मारली. धोतर, काळा कोट, कानांभोवती तपकिरी मफलर आणि तोंडात वृत्तं, असे तुम्ही. खेळाशी तुमचा संबंध एवढाच, की खेळाच्या तासाचा आमचा आरडाओरडा तुमच्या वर्गापर्यंत यायचा. पेटीत एक इंग्रजी पुस्तिका होती. बाभळीखाली बसून, मांडीवर शब्दकोश घेऊन तुम्ही ती वाचलीत आणि पिचरच्या पानावर थांबलात. पिचर म्हणजे मैदानाच्या मध्ये उभा राहून, हाताचं खांद्यापासून पुरतं चक्र फिरवून, बॅटवाल्याकडे खालून चेंडू सोडणारा. त्याच्या हालचालीला लय हवी, असं काहीतरी तिथे लिहिलं होतं. तुमचा चेहरा उजळला. वर्गात शुद्ध बोलणारे तुम्ही मैदानावर मात्र वऱ्हाडीत उतरायचात. ‘लय ना? मंग घाबरता काहून बे? लय तं आपल्या घरची हाय!’

मी मध्ये उभा आहे. तुम्ही रेषेबाहेर छडीनं मातीवर ठेका धरलाय. यमाता यमाता यमाता यमाता. भुजंगप्रयात. पहिल्या यमाताला श्वास घ्यायचा, दुसऱ्याला बॅटवाल्यामागे बसलेल्या कॅचरचा चामडी पंजा बघायचा, मग यति, पापणी लवावी एवढंच थांबायचं, तिसऱ्याला हात वर न्यायचा आणि चौथ्याच्या शेवटच्या ‘ता’वर चेंडू सुटला पाहिजे. मी थांबायच्या जागी थांबत नाही. तुम्ही छडी घेऊन धावत येता, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात. ‘अबे, यतिभंग केला!’ मी म्हणतो, ‘सर, पण चेंडू बरोबर पडला.’ ‘चेंडूचं मले सांगू नको. तुये कान कुठं होते?’ पोरं फिदीफिदी हसतात. मी पुन्हा टाकतो, पुन्हा टाकतो, आणि एका संध्याकाळी चेंडू हातातून सुटला हे मला कळतही नाही, नुसता शेवटचा ‘ता’ ऐकू येतो आणि कॅचरच्या पंज्यात फट्‌ असा आवाज होतो. मला कविता आवडायला लागली ती पुस्तकातून नाही सर, उजव्या खांद्यातून. पुढे आयुष्यभर सरकारी कचेरीत बसलो, पण कुठलीही ओळ वाचली की खांदा आधी हलतो.

त्याच वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात माझा ओठ फाटला. तुम्ही रेषेवर उभे राहून खड्या आवाजात यमाता म्हणत होतात, सारं मैदान ऐकत होतं, आणि समोरच्या पोरानं माझा चेंडू असा परतवला की मला तो दिसलाच नाही, नुसती मातीची चव आली आणि मागून रक्ताची. तुम्ही धोतराचा सोगा ओला करून माझ्या तोंडाला लावलात. त्यानंतर तुम्ही मैदानावर कधी मोठ्यानं वृत्त म्हटलं नाहीत. कानावरचं मफलर खाली ओढून तोंडाभोवती गुंडाळायला लागलात, ते उन्हाळा लागला तरी तसंच. विदर्भातला उन्हाळा! शेंगदाणे नुसते अंगणात ठेवले तरी भाजून निघतील असा. पोरं म्हणायची, सरांच्या सर्दीला सुट्टी नाही. मीही एकदा विचारलं होतं, ‘सर, उकडत नाही का?’ तुम्ही मफलरातूनच म्हणालात, ‘घसा बसला हाय.’ आम्हाला ते खरं वाटलं.

बायको गेल्यावर मी मुलीकडे इथे आलो तेव्हा नात एवढीशी होती. घरामागे कालवा, कालव्यापलीकडे क्लबचं मैदान. इथे बेसबॉलला होंकबल म्हणतात, आणि मुलींचा सॉफ्टबॉल बाजूच्याच मैदानावर. पहिल्या दिवशी हिरव्या गवतावर ती मातीची चौकट बघितली आणि सर, मला माझं गाव दिसलं. नातीला माझं मराठी समजायचं, पण उत्तर डचमध्ये यायचं. मला आवडणाऱ्या कविता तिला कशा द्यायच्या? मग तुम्ही दिलेली तेवढी दिली. अंगणात उभी करून यमाता शिकवला. विमानतळ जवळ आहे. दर थोड्या वेळानं एक विमान छपरावरून जातं आणि माझा आवाज बुडतो. तेव्हा ती माझ्या ओठांकडे बघून हात फिरवायची. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. घर्रघर्र आवाजात एक म्हातारा नुसते ओठ हलवतोय आणि एक चिमुरडी त्यावर अचूक चेंडू टाकतेय.

आता मला इथे सगळे ओळखतात. मार्चच्या सरावाला वाऱ्यापावसात थर्मास घेऊन बसणारा एकटा मीच. माझी मतंही पक्की आहेत. मोसमाआधीच्या सरावावरून संघ निवडू नये, हे पहिलं. मार्चमध्ये बॅटवाल्यांचे हात गारठलेले असतात, चेंडू लागला तर बोटं झिणझिणतात, म्हणून त्या बिचकतात आणि पिचर आहे त्याहून चांगली दिसते. मेमध्ये हात मोकळे झाले की खरं कळतं. दुसरं, जुनं माणूस एकदम काढू नये. आमच्या क्लबात एक थोराड पिचर आहे, गुडघ्याला पट्टा बांधून खेळते, वेग संपलाय तिचा, पण ती चेंडू कधी सोडणार हे परमेश्वरालाही कळत नाही. संघात तिसऱ्या पिचरची एकच जागा होती. ती बाई किंवा माझी नात. नात कुणाची आहे हे बाजूला ठेवून विचारलंत, तर मी त्या बाईला घेतलं असतं.

आणि नेमकं ते मलाच विचारलं गेलं. प्रशिक्षक एक धिप्पाड डच बाई आहे, मला ओपा म्हणते, म्हणजे आजोबा. शनिवारच्या सराव सामन्याआधी कँटीनमध्ये माझ्यासमोर कॉफी ठेवून इंग्रजीत म्हणाली, ‘ओपा, तुम्ही रोज बघता. ती तयार आहे का? मंगळवारी नावं लावायची आहेत.’ मी म्हटलं, सामना बघून सांगतो. बाईनं डोळा मारला. ‘आजोबा म्हणून नको हं, प्रेक्षक म्हणून सांगा.’

सामना सुरू झाला. समोर एक सोनेरी वेणीवाली मुलगी बॅट घेऊन उभी राहिली. पहिल्या दोन चेंडूंना तिनं बॅट हलवलीच नाही, नुसती टाच जमिनीवर आपटत होती. मी तिच्या टाचेकडे बघत होतो. ती टाच काय म्हणत होती ते मला कळत होतं, सर. एक लघु, दोन गुरू. यमाता. चारदा. हजारो मैलांवरची, भुजंगप्रयात कधी न ऐकलेली पोर माझ्या नातीचं वृत्त मोजत होती, कारण नात एकदाही चुकत नव्हती. तुमच्यासारखंच मी तिला यतीला एका निमिषानंही चुकू दिलं नव्हतं. तिसरा चेंडू सुटला तेव्हा बॅट आधीच वाटेत येऊन थांबली होती. चेंडू थेट नातीच्या तोंडावर परत आला. तिनं पंजा कसा मध्ये घातला देव जाणे, चेंडू पंज्याला लागून गालाला घासून गेला. जाळीचा मुखवटा तिच्या आईनं आणून दिलाय, तो पिशवीत होता. ती हसली. गालावर लाल वळ, आणि हसतेय. मी उभा राहिलो होतो, केव्हा ते माहीत नाही. जिभेवर तीच मातीची चव होती.

दुसऱ्या दिवशी मुलगी पोहे करत होती आणि नात ओट्यावर पाय हलवत बसली होती, गालाला गोठवलेल्या मटारांची पिशवी लावून. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर ती बाई हिला घेणार नाही. मला रात्रभर तो चेंडू दिसत होता. एक वर्ष थांबली तर काय बिघडतं?’ ‘आई, प्लीज!’ नात ओरडली. त्या जुन्या पिचरला घ्या असं सांगितलं तर ते माझं मत की माझी भीती, हे मला वेगळं करता येत नव्हतं. शेवटी मी नातीला टाचेचं सांगितलं. वाटलं, दचकेल. तिनं मटारांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ‘वेइत इक, आजोबा. माहितीये मला. सगळ्याच मोजतात.’

‘मग बदलत का नाहीस?’

‘बदलते ना! तुम्ही नसता तेव्हा. कधी दोनच यमाता, कधी मधेच स्टॉप. कोच म्हणते, सुपर.’

‘आणि मी असताना?’

ती आईकडे बघायला लागली. ‘तुमचे लिप्स हलतात. मला दिसतात. मग हात तुमचंच ऐकतो. मी त्याला नो म्हणते, पण तो ऐकत नाही माझं.’

मुलीच्या हातातला झारा कढईतच राहिला. मी म्हटलं, ‘मग मी येणारच नाही.’ ‘नाही!’ ती ओट्यावरून उतरलीच. ‘तुम्ही दिसला नाहीत तर मी शोधत बसते. यायचं. फक्त ते...’ आणि तिनं दोन बोटांनी माझे ओठ मिटले. मटारांमुळे बोटं बर्फासारखी गार होती.

मंगळवारच्या सरावाला मी गेलो नाही. प्रशिक्षक बाईला फोनवर एवढंच म्हटलं, माझं मत विचारू नका, आज मी नसताना तिला बघा. संध्याकाळी नात सायकल दारात आडवी टाकून धावत आत आली, तेव्हा न सांगताच कळलं. त्या जुन्या पिचरनं म्हणे तिला मिठी मारली आणि आपला गुडघ्याचा पट्टा तिच्या गळ्यात घातला, चेष्टेनं. मी हसलो. मग न्हाणीघरात जाऊन आरशासमोर उभा राहिलो आणि मनातल्या मनात यमाता म्हणून बघितलं. ओठ हलले. दातांनी दाबून धरले तरी हनुवटी हलली. गेले कितीतरी दिवस मी आरशासमोर हाच सराव करतोय आणि माझी काहीही प्रगती नाही. माझ्यासारख्याला कुणी संघात घेणार नाही.

काल कपाट उघडून मफलर काढलं. मुलीनं विचारलं, ‘बाबा, उद्या एवढं ऊन आहे, हे कशाला?’ मी काही विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, ‘घसा बसलाय.’ आणि सर, मी तिथेच पलंगावर खाली बसलो. जिल्ह्याच्या त्या सामन्यानंतरचे तुम्ही मला दिसलात. तापलेलं मैदान, घामानं भिजलेला काळा कोट, नाकापर्यंत ओढलेलं तपकिरी मफलर, आणि वर तुमचे डोळे. ते डोळे माझ्यावर खिळलेले असायचे. मला वाटायचं, आता मला जमतंय म्हणून तुम्ही म्हणायचं सोडलंत. तुम्हाला कळलं होतं ना, की समोरचा तो पोरगा तुमचा आवाज मोजत होता? आणि ते कुणालाही न सांगता तुम्ही उन्हाळाभर उकडत उभे राहिलात. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात ते कधी आलं नाही. एकच विचारायचं होतं. त्या मफलराच्या आत तुमचे ओठ थांबले होते का? थांबले असतील, तर ते कुणाकडे बघून शिकलात?

खालून मुलगी हाका मारतेय, ‘बाबा, चला, वॉर्मअप सुरू होईल!’ नात केव्हाच पुढे गेलीय. मुखवटा घालीन म्हणालीय, पण घालेलच असं नाही. शेवटच्या तीन ओळी दोनदा खोडाव्या लागल्या. हा कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो, तिथून तो कुठे जायचा नाही. मफलर गळ्यात आहे, दाराबाहेर पडलो की वर ओढेन. तुमच्यापासून काय लपवू, सर. हे लिहितानासुद्धा ओठ हलतायत.