तुकडीतला चौथा

गोथेनबर्ग, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय इंगेलाताईस,
मेल्करचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, तेव्हा आधीच कान धरतो. कारखान्यात जानेवारीभर ट्रामची चाकं उतरवणं आणि चढवणं चालू होतं. बर्फात टाकलेलं मीठ सगळीकडे जाऊन बसतं, आणि घरी आल्यावर माझ्या हातांना लोखंडाचाच वास. पण हे सगळं निमित्त आहे, हे तुला सांगायला नको.

बाबांकडून काल खोकं आलं. क्लाउडबेरीचा मुरंबा, वाळवलेलं रेनडिअरचं मांस, दोन जोड लोकरी मोजे. चिठ्ठी मात्र नाही. खोकं नीट उलटं करून पाहिलं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहायची पद्धत आईने त्यांच्यासाठीच पाडली आणि आपल्या दोघांनाही लावली. ती गेली आणि आता तेच कंजूषपणा करायला लागले. मी तरी कुठे मोठा दानशूर म्हणा. ऑक्टोबरपासून माझं त्यांना एकच पत्र गेलं आहे. तू पितेओहून तासाभरात त्यांच्या दारात पोचतेस, म्हणून मी निर्धास्त असतो.

मी रविवारी दुपारी करतो तरी काय, असं तू विचारलं होतंस. लढतो. हसू नकोस. ‘आनंदी पृथ्वी’ नावाचा एक गेम आहे. चार जणांची तुकडी, परक्या ग्रहावर घराएवढ्या अळ्या, आणि वर पडद्यावर एक हसरे मंत्री, जे प्रत्येक पराभवाला विजय म्हणतात. सैनिकाकडून भरतीच्याच दिवशी मरायला हरकत नसल्याची सही घेतात. तो मेला की त्याच्या घरी अभिनंदनाचं पत्र जातं आणि आकाशातून त्याच्या जागी दुसरा टाकतात. सगळी युद्धाची थट्टा आहे. पण आपली गोळी आपल्याच माणसाला लागते, एवढं मात्र खरं ठेवलंय.

मी, कारखान्यातला फिरास आणि त्याचा शेजारी लिनुस असे आम्ही तिघं असतो. चौथा कुणीही अनोळखी येऊन मिळतो. गेल्या रविवारी जो आला त्याचं नाव ‘वंगणवाला’. काय ते ध्यान सांगू तुला. हाका मारल्या तर ओ नाही. डावीकडे म्हटलं की उजवीकडे. आम्ही पळतोय आणि हे महाराज अळीसमोर उभे राहून दिशा बघताहेत. शेवटी तोफांचा मारा त्याने आमच्याच डोक्यावर मागवला. तिघंही खलास. फिरास हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. परतीचं यान आलं तेव्हा वंगणवाला सगळ्यात मागून धापा टाकत आला, आणि मी त्याला यानाच्या पायरीवरच गोळी घातली. मग दोन शब्द लिहून पाठवले आणि तुकडीतून काढून टाकलं. आई गेल्यावर इतकं हसलो, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. वेळेवर लिहीत नाही म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझा,
मेल्कर


पितेओ, २२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मेल्करास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि खरं सांगते, मीही हसले. ते यानाच्या पायरीचं तर दोनदा वाचलं. आता ते आठवतं आणि नको होतं. तेव्हा पुढचं वाचताना मी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, असं समजू नकोस.

गुरुवारी नेहमीसारखी बाबांकडे लुलेओला गेले. वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. पॅनकेक आता बरे जमतात त्यांना, कडा तेवढ्या जाळतात. जेवण झाल्यावर मी आईच्या शिवणाच्या खोलीत दोरा शोधायला गेले. मशीन कोपऱ्यात सरकवलेलं आणि तिच्या टेबलावर मोठा पडदा, काळा डबा, ते दोन हातांत धरायचं बटणांचं. बाबा दारात येऊन उभे राहिले. तुला सांगू नको म्हणाले. मी तेव्हा मान डोलावली, आणि आता सांगते आहे, तेव्हा तो दोष माझा.

डिसेंबरात घेतलं त्यांनी ते. दुकानातल्या मुलीकडून सगळं कागदावर लिहून घेतलं, कुठलं बटण कशाचं. दोन महिने एकटेच शिकत होते. ऐकू येत नाही, म्हणून मागून काय येतं ते कळत नाही, असं म्हणाले. गेममधलं तुझं नाव अजून शाळेतलंच आहे ना? ते त्यांना पाठ होतं. तू रविवारी दुपारी असतोस, हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं.

मेल्क्या, बर्फफोडी बोटीवर बाबांची पहिली नोकरी कोणती होती, ते आठव. मशीनखोलीत तेलाचा डबा घेऊन फिरायची. आई त्यांना लग्नानंतरही कित्येक वर्षं त्याच नावाने हाक मारायची.

ते रागावलेले नाहीत. तू फार छान लढतोस, म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला सगळीकडे घेऊन कुठे फिरणार, असंही म्हणाले. तू काहीतरी लिहूनही पाठवलं होतंस, पण काय ते सांगेनात. मी खोदून विचारलं, तर ताटल्या धुवायला उठून गेले. काय लिहिलं होतंस तू?

फार वाईट असेल, तर त्या गेममध्ये सगळे असंच बोलतात, तो थट्टेचाच भाग आहे, असं सांगून टाक. त्यांना पटेल. त्यांना पटवून घ्यायचंच असेल. पण काहीतरी लिही, आणि मला नाही, त्यांना लिही.

गुडघा बरा आहे. माझा लोभ आहे तिथेच आहे.

तुझी,
इंगेलाताई


गोथेनबर्ग, २७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
मेल्करचा सा. न. वि. वि.

हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली. त्यांत मी लिहिलं होतं की या गेममध्ये सगळे एकमेकांना शिव्या देतात, ती रीतच आहे, मनावर घेऊ नका. गेमपुरतं ते खरंही आहे. पण मी ते गेमसाठी लिहिलं नव्हतं.

ताईने मला सगळं सांगितलं. तिला बोलू नका. मी तिला ती सगळी हकीकत गंमत म्हणून लिहिली होती, म्हणजे तिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता.

मी काय लिहिलं, ते तुम्ही वाचलं आहे. तरी पुन्हा लिहितो, म्हणजे मी ते विसरलो असं वाटायला नको. ‘म्हाताऱ्या, घरी बस. इथे तुझी कुणाला गरज नाही.’ समोर तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं. एवढं लिहून वाटलं होतं, हलकं होईल. झालं नाही. कारण मग प्रश्न येतो की समोर दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर चाललं असतं का. आणि मला त्या दिवशी ते चाललं होतं. मित्रांना वाचून दाखवून मग पाठवलं मी ते.

वंगणवाला हे नाव बघून आम्ही हसलो, बाबा. कुणीतरी म्हातारा असेल, म्हणालो. आई तुम्हाला त्या नावाने जेवायला बोलवायची, ते मी लहानपणी रोज ऐकलं आहे. तेवढं नाव ओळखता आलं नाही, याची शरम गोळीपेक्षा जास्त वाटते.

तुम्ही पत्राची वाट बघत होता, आणि मी ते आज-उद्यावर टाकत होतो. तुम्ही दोन महिने बटणं शिकत बसलात. क्षमा मागतो. तुम्ही करावी, असा आग्रह नाही.

मुरंबा उघडलेला नाही. मोजे घातले आहेत. लोभ धरावा असं मी काही केलेलं नाही, तरी धरावा.

आपला,
मेल्कर


लुलेओ, ६ मार्च २०२५

चि. मेल्करास,
अ. उ. आ.

मुरंबा उघड. बुरशी धरल्यावर मला दोष देशील.

तुझं पत्र सोमवारी आलं आणि आज गुरुवार आहे. इंगेला सूप खाऊन आत्ताच गेली. तिला मी बोललो नाही. गुपितं ठेवणं तिला लहानपणापासून जमलेलं नाही.

तू खरं लिहिलंस, तेव्हा मीही खरं लिहितो. समोर मी आहे हे तुला माहीत नव्हतं, हे मला तुझ्या पत्राने कळलं. मला वाटलं होतं, तू नाव बघून ओळखलंस आणि मग लिहिलंस. त्या समजुतीत मी तीन आठवडे काढले. तसा विचार करायला कारणही होतं. दवाखान्यात तुझी आई शेवटी काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मी तिथे नुसता बसून होतो. मला ओठ नीट वाचता आले असते तर निदान काही कळलं असतं. तू तेव्हा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होतास. तू मनात जे म्हणालास ते आता लिहून पाठवलंस, असं मी धरलं.

खोकं भरलं, तेव्हा चिठ्ठी लिहायला बसलो होतो. काय लिहावं ते सुचेना, म्हणून मोज्यांचा एक जोड जास्त घातला.

तुझी चूक आहे. ती मी धुऊन टाकत नाही, कारण तसं केलं तर तू पुन्हा मला सांभाळून घेण्याजोगा म्हातारा समजशील. पण माझीही आहे. मी सरळ विचारायला हवं होतं की मला खेळायला घेतोस का. मुलासमोर हात पसरायचा संकोच वाटला, म्हणून चोरासारखा शिरलो.

गेम चांगला आहे. ते मंत्री थेट आमच्या कंपनीच्या साहेबासारखे बोलतात. तोसुद्धा मशीन फुटल्यावर प्रगती झाली म्हणायचा. एकच गोष्ट पटत नाही. माणूस गेला की लगेच दुसरा टाकतात आणि गेलेल्याबद्दल कुणी विचारत नाही. आमच्या बोटीवर तसं नव्हतं.

तू काढून टाकल्यावर मी थांबलो नाही. हॉलंडमधली एक नर्स भेटली, तिचे बाबाही बहिरे आहेत. ती सगळं टाइप करून सांगते. तोफा आता मला बऱ्या जमतात. येत्या रविवारी तीन वाजता मी मोकळा आहे. तुला यायचं असेल तर ये. नसेल यायचं तर पत्र लिही. दोन्हीपैकी एक कर.

तुझ्यावर लोभ आहे, त्याबद्दल शंका काढू नकोस.

तुझा,
बाबा


गोथेनबर्ग, ३० मार्च २०२५

प्रिय इंगेलाताईस,
सा. न. वि. वि.

आज आमचा चौथा रविवार झाला. बाबांनी तुला किती सांगितलं कोण जाणे, म्हणून मीच लिहितो.

पहिल्या रविवारी आम्ही दोघंच होतो. मी माईक काढून ठेवला आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. टाइप करायला गेलं की मला अळी खाते, पण त्याला इलाज नाही. मी चार वेळा मेलो, ते एकदा. प्रत्येक वेळी मी नव्याने आकाशातून पडलो की ते ‘स्वागत’ असं लिहायचे आणि तोवर स्वतःचं लढणं थांबवायचे. त्यामुळे त्यांनाही मार बसायचा. असं करू नका, असं मी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की खाली पडणाऱ्याला कुणीतरी बघितलं पाहिजे.

दुसऱ्या रविवारी फिरास आला. मी त्याला आधी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, खुर्चीवरून पडेपर्यंत हसलो होतो तो मी, तेव्हा मलाही माफी मागायची आहे. त्याने लांबलचक काहीतरी टाइप केलं, तेवढ्यात अळीने त्याच्या सैनिकाचा हात तोडला. बाबांनी त्याला उचलून यानापर्यंत नेलं. आता तो त्यांना काका म्हणतो आणि त्यांच्याकडून तोफांचे नेम शिकतो. लिनुस आला नाही. त्याला टाइप करून खेळायचा कंटाळा येतो म्हणे. मी भांडलो नाही, पण बोलावणंही बंद केलं.

दवाखान्याबद्दल मी त्यांना कळवलं आहे. मी भिंतीला टेकून आईचं बोलणं ऐकत होतो. त्यांच्याबद्दल मी काहीच म्हणत नव्हतो. आई काय बोलत होती तेही लिहिलं. खिडकी उघडा, असं म्हणत होती, दोनदा. आणि त्यांनी त्याच वेळी उठून खिडकी उघडली होती. त्यांना ते आठवत नसावं. या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि मी ते मागत नाही.

सगळं ठीक झालं, असं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी त्यांना सांगणार नाही. पडद्याच्या कोपऱ्यात लहान नकाशा असतो, त्यात आपल्या माणसांचे निळे ठिपके दिसतात. बाबांना मागची पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून ते सारखे ठिपक्यांकडे बघतात. फिरास मागे आला तर ते चालत राहतात. माझा ठिपका मागे आला की त्यांचा सैनिक थांबतो आणि वळून बघतो. दर वेळी. ते मुद्दाम करत नाहीत, मला खात्री आहे. त्यांना कळतही नसेल. मी बंदूक खाली घेतो, ते परत वळतात आणि चालू लागतात.

आज चौथ्या रविवारीही वळले. म्हणून मग मी त्यांच्या पुढे चालायला लागलो. माझी पाठ त्यांच्याकडे, त्यांची बंदूक माझ्या मागे. आम्ही यानापर्यंत तसेच गेलो, आणि मी एकदाही मागे बघितलं नाही.

लोभ ठेव, ताई, जमेल तितका.

तुझा,
मेल्कर