पाह्यलं का आयकलं?

३ एप्रिल, चंद्रपूर
पहिल्या पानावर माझी बातमी. 'टोल्यात पट्टेदार वाघ, शेळी फस्त.' चार कॉलम. काल संध्याकाळी पावणेसातला टोला गावातून फोन आला, सातला बातमी गेली. हात बसलेलं काम. त्यावर आज फॉरेस्टवाल्यांनी नाल्यापलीकडे मोहफुलं वेचायला जायची वाट बंद केली. बातमीचा परिणाम म्हणून उद्या तेही घ्यायचं.

दुपारी रफिकचा फोन. दुसऱ्या पेपरला आहे, गडचिरोलीला बसतो. पहिला परिच्छेद कसा लिहायचा ते माझ्याकडेच शिकला.
"भाऊ, पट्टे कोणी पाह्यले?"
म्हटलं, पंचवीस वर्षं झाली जंगलाच्या बातम्या करून.
"वर्षं नाई विचारली भाऊ. पट्टे विचारले."
फोन ठेवला. मी.

४ एप्रिल
मीरानं चहाबरोबर रफिकचा पेपर आधी उघडला. संसार माझ्याशी केला, पेपर त्याचा. "किती साधं विचारलंय बघा," म्हणाली.

बातमी नव्हतीच, नुसते प्रश्न. शेळी झाडाच्या बेचक्यात, दोन पुरुष उंचीवर सापडली. पट्टेदार वाघ शिकार झाडावर नेऊन ठेवतो का? टोल्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं का?

माहीत होतं. माझं आजोळ इकडचंच, मूल गावचं, मामाही तसंच म्हणायचा. फोनवर ऐकलं 'वाघानं नेली'. 'पट्टेदार' माझ्या पदरचं. मथळा एका शब्दानं अपुरा पडत होता.

चूक पकडली याचा राग नाही. प्रश्न मला सुचायला हवा होता याचा आहे. पूर्वी सुचायचे.

५ एप्रिल
संपादक : "रफिक टोल्यात जाऊन बसलाय म्हणे. तुम्हीही जाऊन या."
तो गेला म्हणून मी. हेही दिवस आले.

६ एप्रिल, टोला
गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, बैठक. इथे मतं मोजत नाहीत. एकाचंही 'नाई' असलं तर निर्णय थांबतो आणि त्याचं समाधान होईपर्यंत बोलायचं. उठणाऱ्यानं आधी एवढंच सांगायचं : पाह्यलं का आयकलं. दोन्ही चालतं, पण सांगावं लागतं.

रफिक उठला. "पाह्यलं." झाडाच्या सालीवरचे ओरखडे, बेचका, शेळीची मान. एकेक मुद्दा ठेवायचा, थांबायचा, कुणाला शंका आहे का विचारायचा. बायका माना डोलवत होत्या. त्याला 'रफिकभाऊ' म्हणतात. मला 'पेपरवाले'. त्याचं म्हणणं, बिबट्या आहे. उजाडल्यावर जथ्यानं जा, वाट उघडायचा ठराव करा. सगळे तयार. फुलं जेमतेम तीन आठवडे पडतात, त्यातले चार दिवस गेलेच.

मग मैनाबाई उठली. साठीची असेल. "पाह्यलं. माह्यं नाई हाय." काल सकाळी नाल्याच्या ओल्या रेतीत पंजा होता. तिनं वर हात ठेवला, तर हात आत मावला. बिबट्याचा एवढा नसते.
"कुठी हाय ठसा?"
"ढोरं गेली वरून."
मागून कुणीतरी, "मैने, नाल्यापल्याड तुहीच पाच झाडं हायेत ना वं!"
"म्हून का पाह्यलेलं पुसून टाकू?"

रफिक पुन्हा उठला. "बाई, हे मले माहीत नोव्हतं. मी जनावर एकच धरून चाललो होतो. दोन असू शकते. चुकलं माह्यं." आणि बसला. इतकंच.
बायकांतून एक, "रफिकभाऊ, लवकर हरले जी!"
"हरलो तं हरलो, बाई. तंगडी तं वाचली!"
सगळं गोटुल हसलं. मैनाबाईसुद्धा.

तो जिंकत होता तेव्हा इतका जळलो नव्हतो.

मग मी उठलो. "म्हणजे माझी बातमी खरीच होती."
खांबाला टेकलेल्या लालसूभाऊंनी, गावातले सगळ्यात म्हातारे तेच, शांतपणे विचारलं, "भाऊ, पाह्यलं का आयकलं?"
"आयकलं."
"पट्टे बी आयकले?"
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
वाट बंदच. रविवारी पुन्हा बैठक.

७ एप्रिल, चंद्रपूर
संपादक खूश. "आपलंच खरं निघतंय. 'वाघाचे ठसे आढळले' टाका."
ठसे नाहीत, ठसा. तोही आता नाही. म्हटलं, खुलासा लिहितो.
"बरोबर निघालेल्या बातमीचा खुलासा? बरं आहे ना तुमचं?"

दिवसभर हेच डोक्यात. रफिक चुकला, पण कुठे चुकला ते बोट ठेवून दाखवता येतं. म्हणून मैनाबाईला ते दुरुस्त करता आलं. मी बरोबर निघालो तरी कुठे बरोबर होतो ते मलाच दाखवता येणार नाही. रस्त्यात सापडलेली वस्तू. माझी नव्हे.
मीराला सांगितलं. म्हणाली, "हे रफिकला सांगा, आवडेल त्याला."
त्यालाच का?

९ एप्रिल
फॉरेस्टनं नाल्यावर कॅमेरे लावले. मैनाबाईचा निरोप : "तुमच्या कागदानं वाट बंद झाली. रविवारी येऊन त्या कागदाचं सांगा."

खुलासा लिहिला. तीन ओळी. सुरुवात : 'ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.' संपादकांच्या टेबलावर पडून आहे.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. कॅमेऱ्यात पट्टे यावेत असं वाटतंय. आले तर मैनाबाईची पाच झाडं या वर्षी गेली. तरी वाटतंय.

रविवार, टोला
रफिकच्याच गाडीवर मागे बसून आलो. एसटीनं दहापर्यंत पोचलो नसतो. गाडी लावता लावता म्हणाला, "भाऊ, रात्री कॅमेऱ्यात फोटो आला. गार्डनं दाखवला मले. सांगू का?"
हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.
"नको. आधी माझं बोलून होऊ दे. मग सांग."
त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली. "मले नसतं जमलं जी. मी तं पाहूनच बसलो."

एवढ्यानं बरं वाटलं. वाटायला नको इतकं.

मैनाबाई आली आहे. रिकामी टोपली सोबत आणलीय, इथूनच जायचं असल्यासारखी. लालसूभाऊ खांबाला टेकले. खिशात खुलाशाची प्रत आहे. रफिकच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, आणि मी तिकडे बघतोय.

माझं नाव पुकारलं.