एक चिलखती की सात पिकअप

४ सप्टेंबर २०२३, सोमवार

काच टिकली!

आधी बंदुकीच्या गोळ्या झाडल्या, मग शेजारी तोफगोळा फोडला. चिलखती गाडीच्या अंगावर नुसते खळगे. आत बसवलेले पुतळे जसेच्या तसे. पिकअपमधल्या पुतळ्यांबद्दल लिहीत नाही.

या गाड्या आघाडीवरून जखमींना मागे आणायला हव्यात, हिवाळ्याच्या आत. संरक्षण खात्याला मिळालेली रक्कम ठरलेली आहे. तिच्यात थोड्या चिलखती गाड्या येतात, नाहीतर परदेशातल्या जुन्या पिकअपचा ढीग. एका चिलखतीच्या पैशात सात पिकअप! दोन्ही थोड्याथोड्या घेऊ म्हटलं तर तेही जमत नाही — चिलखतीवाला कारखाना एवढी लहान ऑर्डर घेत नाही.

शिफारस मी लिहायची, खरेदी मंडळापुढे आमचे कर्नल, रोस्तिस्लाव काका, यांनी मांडायची. परत येताना गाडीत ते म्हणाले, "मिरोस्लावा, तुला जे दिसलं ते लिही. मी तुझ्या मागे उभा आहे."

एवढंच हवं होतं.

७ सप्टेंबर, गुरुवार

दानिलोचा फोन. आवाज थकलेला, पण थट्टा चालूच. त्याच्या पिकअपचा क्लच गेलाय. गाडी इंग्लंडातली, स्टिअरिंग इथल्यासारखं डावीकडे नाही, उजवीकडे. म्हणतो, "शत्रू डावीकडे नेम धरतो, मी उजवीकडे बसून त्याला टाटा करतो." मला हसू आलं नाही. माझा धाकटा भाऊ जखमींना घेऊन असल्या पत्र्याच्या डब्यातून पळतो आणि त्याचे विनोद करतो.

त्याला म्हटलं, चांगलं काहीतरी येतंय. भक्कम. त्याने विचारलं, किती? म्हटलं, थोड्या, पण भक्कम. लाइन गेली असं वाटलं. नंतर म्हणाला, "बरं, मिरोस्या. जेवलीस का?"

१४ सप्टेंबर, गुरुवार

शिफारस लिहून झाली. चिलखती.

शेजारच्या टेबलावरच्या झोरियानाने वाचली. हलक्या आवाजात म्हणाली, छान लिहिलंयस, पण ज्या ब्रिगेडना एकही गाडी मिळणार नाही त्यांचं काय? मी म्हटलं, जखमी माणूस आत ठेवून पेटणारी गाडी देण्यापेक्षा न दिलेली बरी. ती म्हणाली, हे चिखलात पडलेल्या माणसाला विचारून बघ. मग चहा आणायला गेली. तिची सवयच आहे — टोचायचं आणि चहा आणायला जायचं.

संध्याकाळी काकांना दिली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, मान हलवली. त्यांच्या बायकोने केलेले, बटाटा भरून उकडलेले वारेनिकी डब्यात होते, त्यातले निम्मे माझ्या ताटात टाकले. आई गेली तेव्हापासून हे असंच आहे. मोटारींचा कारखाना बंद पडला, मी घरी बसले, तेव्हा यांनीच मला या नोकरीत आणलं. गाडी कशी जोखायची हे मला येत होतं. गाडीची किंमत कशी जोखायची ते यांनी शिकवलं — विकत घेताना किती पडते हे सगळेच विचारतात, पहिला मार बसल्यावर किती पडते हे तू विचारायचं.

तेच विचारलंय मी.

२१ सप्टेंबर, गुरुवार



मंडळाची बैठक. मी मागच्या रांगेत. काका उठले. माझी शिफारस त्यांच्या हातात होती. त्यांनी ती टेबलावर पालथी ठेवली आणि म्हणाले, "चाचणीत चिलखती गाडी सरस ठरली. तरीही पिकअप घ्याव्यात असं माझं मत आहे."

तरीही! 

पुढचं मला तुटक आठवतंय. पोचलेली कोणतीही गाडी न पोचलेल्या गाडीपेक्षा चांगली. चिलखती यायला वसंत उजाडेल. आघाडी लांब आहे. कुणीतरी विचारलं, तुमच्या तज्ज्ञ बाईंचं काय म्हणणं? ते म्हणाले, त्यांचं म्हणणं वेगळं आहे. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. हात वर झाले. संपलं.

सकाळी याच माणसाने मला जिन्यात विचारलं होतं, झोप झाली का?

२२ सप्टेंबर, शुक्रवार

त्यांच्या खोलीत गेले. बसले नाही.

ते म्हणाले, मी शब्द मोडला, खरं आहे. सबब सांगितली नाही. त्याचाच जास्त राग आला. विचारलं, आदल्या दिवसापर्यंत मला का सांगितलं नाही? कुणी फिरवलं तुमचं मन? तेव्हा म्हणाले, "ज्याने फिरवलं त्याला नाव न सांगण्याचा शब्द दिलाय."

"आणि मला दिलेला?"

मी म्हटलं, ठीक आहे, पान कर्नल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काका सोडून पान कर्नल म्हटलं, परक्या साहेबाला म्हणावं तसं. त्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर दिसलं ते. दिसू दे.

२५ सप्टेंबर, सोमवार

झोरियाना सांगत होती, पिकअप आणणारा व्यापारी आणि कर्नल एकाच पलटणीतले. म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस.

२६ सप्टेंबर, मंगळवार

असेलही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

बदली मागितली आणि मिळाली. आता गाड्यांऐवजी बूट आणि हातमोजे तपासायचे. बूट फाटला तर निदान माणूस जळत नाही.

दुपारी ते नव्या खोलीपर्यंत आले. हातात त्यांच्या बागेतल्या सफरचंदांची पिशवी. मी कामात आहे म्हटलं. पिशवी दाराशी ठेवून गेले. सफाईवालीला दिली. ती म्हणाली, अगं पण किती गोड आहेत, एक तरी घे. नाही घेतलं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

झितोमिरच्या रस्त्यावर पिकअपची रांग दिसली. पांढऱ्या, निळ्या, एक चक्क गुलाबी, दारावर कुठल्याशा फुलवाल्याचं नाव. वाटेत थांबून पोरं ब्रशने हिरवा रंग फासत होती. नळ दुरुस्त करणाऱ्यांच्या, माळ्यांच्या गाड्या. यांतून आपली माणसं येणार!

दानिलोचा फोन आला होता. आघाडीवरच्या त्यांच्या पट्ट्याला बऱ्याच पिकअप मिळाल्या. खुशीत होता. त्याची खुशी ऐकवेना. त्याला काय माहीत त्याच्यासाठी काय मागितलं होतं आणि कुणी ते काढून घेतलं. ठरवलं, त्याला सांगायचं नाही. युद्धात असताना माणसाला असलं काही कळू नये.

६ डिसेंबर, बुधवार

द्निप्रोच्या इस्पितळातून फोन. जिवंत आहे. एवढंच सांगितलं. निघते.

७ डिसेंबर, गुरुवार

डावा पाय गुडघ्याखाली नाही.

त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. शेजारच्या खाटेवर त्याच्या गाडीवरचा वैद्यकीय साहाय्यक ओस्ताप, हाताला पट्ट्या. काय झालं ते त्याने सांगितलं. गाडी रिकामी, जखमींना आणायला निघालेली. ड्रोन समोरून आलं, पुढच्या चाकाशी फुटलं. खालचा पत्रा कागदासारखा फाटला. मला सगळं समोर दिसत होतं. मी तो पत्रा मैदानावर फाटताना पाहिलाय. चिलखती असती तर दानिलोला डोकं दुखण्यापलीकडे काही झालं नसतं. हे मी अंदाजाने म्हणत नाही, तेच माझं काम आहे!

ओस्ताप पुढेही सांगत होता — रक्त थांबत नव्हतं, मागची पिकअप लगेच आली, तिच्यातून त्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर संपलंच होतं. मी ऐकलं. पण तेव्हा डोक्यात एकच माणूस होता.

बाहेर येऊन त्याला संदेश पाठवला. "दानिलोचा पाय गेला, पान कर्नल. पत्रा पातळ होता."

उत्तर आलं: "निघालो."

८ डिसेंबर, शुक्रवार

दानिलो शुद्धीवर आहे. मला बघून म्हणाला, आता बूट घेताना निम्मे पैसे वाचतील. मी रडले. तो माझा हात थोपटत राहिला, जसं काही पाय माझाच गेलाय.

न राहवून मी सगळं सांगून टाकलं. चाचणी, शिफारस, बैठक, तो व्यापारी. म्हटलं, ज्याला आपण घरचा मानलं त्याने तुला विकलं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, धक्का बसलाय. बोलायला नको होतं.

९ डिसेंबर, शनिवार

सकाळी ते आले. मी दारात आडवी उभी राहिले. आतून दानिलो म्हणाला, "येऊ दे त्यांना, मिरोस्या. सप्टेंबरात मीच गेलो होतो त्यांच्याकडे. आमच्या पट्ट्यात दोनच गाड्या होत्या. एक अडकली की माणसं दिवसभर चिखलात पडून मरायची. म्हटलं, तुमच्या पाया पडतो, भरपूर गाड्या आणा, कसल्याही आणा. आणि हिला सांगू नका. ती फक्त माझीच गाडी बघते."

म्हणजे तेव्हा तो क्लच न्यायला कीव्हला आला होता. माझ्या घराजवळून गेला, मला न भेटता.

काकांनी टोपी काढली होती. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी दारातून बाजूला झाले.